चिमणराव, तात्या विंचू, आबा टिपरे: दिलीप प्रभावळकरांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या घरी सुट्टीत भाचरं जमली की टीव्हीवर जुनं काहीतरी लागतं आणि कुणीतरी हमखास विचारतं, "हे तेच का?" हो, तेच. दर वेळी तेच उत्तर देऊन कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहून काढलं. मी समीक्षक नाही. नाटकाच्या तिकिटांसाठी रांगा लावलेला एक प्रेक्षक आहे, एवढंच.

तात्या विंचू आणि आबा टिपरे हे खरंच एकाच माणसाने केलेत?

एकाच. आणि 'लगे रहो मुन्नाभाई'मधले गांधीजीही त्यांचेच. 'चौकट राजा'मधला नंदू, 'नारबाची वाडी'तला नारोबा, 'दशावतार'मधला बाबुली मेस्त्री हेही तेच. दिलीप प्रभावळकर. जन्म ४ ऑगस्ट १९४४.

हा प्रश्न इतक्या वेळा येतो, यातच त्यांच्या कामाचं मर्म आहे असं मला वाटतं. बहुतेक नट लोकप्रिय झाले की नावाने ओळखले जातात आणि मग प्रत्येक भूमिकेत आपल्याला तो नट दिसत राहतो. प्रभावळकरांचं उलटं झालं. लोकांना पात्रं पाठ आहेत, माणूस मात्र ऐन वेळी आठवत नाही. आमच्या शेजारच्या आजी त्यांना आजही "टिपरे" म्हणतात. पेपरात त्यांचा फोटो आला की "टिपऱ्यांना बक्षीस मिळालं बघ" असं सांगतात.

सुरुवात कुठे झाली? ते आधीपासून नटच होते का?

नाही. शिक्षण विज्ञानाचं, नोकरी औषध कंपनीत. नोकरी सांभाळून, संध्याकाळच्या तालमी करून नाटक करणारी मुंबईची जी पिढी होती, त्यातलेच ते. रत्नाकर मतकरींच्या नाट्यसंस्थेत त्यांची जडणघडण झाली. बालनाट्यंही केली. 'अलबत्या गलबत्या'तली चेटकीण आजच्या मुलांना वैभव मांगले यांच्यामुळे माहीत आहे, पण मूळच्या प्रयोगांतली चेटकीण प्रभावळकरांची.

ज्याला पुढे राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याची पायाभरणी चेटकीण करताना झाली, हे मला फार आवडतं. लहान मुलांसारखा निर्दय प्रेक्षक नाही. कंटाळा आला की मूल उठून पाणी प्यायला जातं, किंवा मोठ्याने विचारतं, "आई, कधी संपणार?" त्यांना घाबरवायचंही आणि त्याच वाक्यात हसवायचंही, हे ज्याला जमलं त्याला तात्या विंचू अवघड जाणार नव्हता.

मतकरींच्याच 'आरण्यक'मध्ये त्यांनी विदुर केला. महाभारताच्या युद्धानंतरची म्हातारी माणसं, त्यांचं वनातलं आयुष्य, असं ते नाटक. सत्तरच्या दशकात आलेलं हे नाटक २०१८ मध्ये पुन्हा रंगमंचावर आलं, तेव्हाही विदुर प्रभावळकरच होते आणि धृतराष्ट्र रवी पटवर्धन. तिशीत रंग लावून केलेला म्हातारा सत्तरी ओलांडल्यावर पुन्हा करायचा, असा योग किती जणांच्या वाट्याला येतो?

'चिमणराव' मालिकेबद्दल जुनी माणसं इतकं का बोलतात?

कारण तेव्हा दुसरं काही नव्हतं, हे अर्धं उत्तर. मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात 'चिमणराव गुंड्याभाऊ' लागायची तेव्हा चाळीत एखाद्याच्याच घरी टीव्ही असायचा आणि त्या घराला त्या दिवशी दार बंद करायची सोय नसायची. चित्र कृष्णधवल, मधूनच मुंग्या. तरी माणसं चपला बाहेर काढून दाटीवाटीने बसायची.

उरलेलं अर्धं उत्तर म्हणजे काम. चिं. वि. जोशींचा चिमणराव वाचकांच्या डोक्यात आधीच पक्का बसला होता. १९४० च्या 'लग्न पहावं करून'मध्ये दामूअण्णा मालवणकरांनी तो पडद्यावरही करून ठेवला होता. अशी भूमिका घेणं म्हणजे दुसऱ्याच्या घरात भाडेकरू म्हणून जाण्यासारखं. प्रभावळकरांनी काय केलं, तर आवाज बारीक केला. कोट-धोतरातला किरकोळ अंगाचा, स्वतःला शहाणा समजणारा आणि दर वेळी तोंडघशी पडणारा गृहस्थ त्या बारीक आवाजात उभा राहिला. समोर बाळ कर्वेंचा आडदांड गुंड्याभाऊ. दोघं शेजारी उभे राहिले तरी हसू यायचं, अजून कुणी काही बोललेलंही नसायचं. बाळ कर्वे २०२५ मध्ये गेले, तेव्हा वयाची नव्वदी ओलांडली होती, तरी बातम्यांत मथळा होता तो 'गुंड्याभाऊं'चाच.

'हसवाफसवी'मध्ये सहा भूमिका होत्या म्हणतात. म्हणजे सहा वेळा मेकअप?

मेकअप होताच, पण त्याने काय होतं! गावच्या गणेशोत्सवातही पोरं मिशा लावतात.

हे नाटक लिहिलंही त्यांनीच. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते आलं. त्यात नाना पुंजे होता, बॉबी मॉड होता, दीप्ती प्रभावळकर नावाची बाई होती, आणि कृष्णराव हेरंबकर होते, संगीत नाटकांच्या जमान्यातले थकलेले गायक नट.

मी ते दादरला शिवाजी मंदिरात पाहिलं, बाल्कनीतून. बाल्कनीतून चेहरा काही दिसत नाही. मेकअप कसा झालाय, नाक बदललंय का, कपाळावर सुरकुत्या आहेत का, यातलं काहीच तिथवर पोचत नाही. पोचतं ते फक्त चालणं, उभं राहणं आणि आवाज. आणि तरीही पात्र विंगेतून आलं की दुसऱ्याच पावलाला माझ्या शेजारचा माणूस "अरे, हा वेगळाच आहे" म्हणायचा. अर्ध्या नाटकापर्यंत तो बिचारा प्रत्येक वेळी फसला. मी कार्यक्रमपत्रिका दाखवली, तर म्हणाला, "छापण्यात चूक असेल."

कृष्णराव हेरंबकर आले तेव्हा मात्र हशा हळूहळू विरत गेला. तोवर पोट धरून हसणारं नाट्यगृह एका म्हाताऱ्याच्या श्वासाच्या लयीवर येऊन थांबलं. गंमत अशी की लोक हसत होते तेही त्या म्हाताऱ्यावर प्रेमानेच. विनोदी नट गंभीर झाला की 'बघा, मी किती गंभीर करू शकतो' अशी एक पाटी गळ्यात दिसते. इथे ती नव्हती.

पुढे पुष्कर श्रोत्रींनी हे नाटक केलं. दुसऱ्या नटाच्या हाती जाऊनही नाटक उभं राहिलं, म्हणजे लेखनही भक्कम होतं. नुसत्या नकलांवर तगणारं नाटक मूळ नटाबरोबरच संपतं.

'चौकट राजा'मधला नंदू आधी दुसराच नट करणार होता, हे खरं का?

खरं. स्मिता तळवलकर निर्मित, संजय सूरकर दिग्दर्शित हा चित्रपट १९९१ चा. नंदूच्या भूमिकेसाठी आधी परेश रावल ठरले होते आणि प्रभावळकर नायिकेच्या नवऱ्याची, राजनची भूमिका करणार होते. तारखांचा घोळ झाला, नंदू प्रभावळकरांकडे आला आणि राजन दिलीप कुलकर्णींनी केला.

नंदू म्हणजे लहानपणच्या अपघाताने ज्याची बुद्धी वाढायची थांबली असा मोठा माणूस. आई (सुलभा देशपांडे) त्याला सांभाळते आहे. बालमैत्रीण मीनल (स्मिता तळवलकर) लग्न होऊन योगायोगाने पुन्हा समोर येते. मराठी सिनेमात अशा भूमिकेला दोन सोपे रस्ते असतात. एक, प्रेक्षकाला रडवा. दोन, वेड्याचे चाळे करून हसवा. नंदू दोन्हीकडे जात नाही. मान किंचित कललेली, जीभ जड, शब्द उशिरा येणारे, एवढं अंगात भिनवल्यावर पुढे त्याला स्वतःचे हट्ट आहेत, राग आहे, लबाडीसुद्धा आहे. आईला काय चालतं आणि काय नाही, हे नंदूला बरोबर ठाऊक असतं. घरात असं मूल असलेल्या माझ्या एका परिचित बाईंनी मला सांगितलं होतं, "सिनेमातल्या मुलांना नुसती निरागस दाखवतात. नंदू चिडतो, ते खरं आहे."

हा सिनेमा अजून पाहिला नसेल तर बाकीचे प्रश्न नंतर वाचा.

तात्या विंचूच्या बाहुल्याला आवाज कुणाचा होता? बाहुला कुणी बनवला?

आवाज प्रभावळकरांचा, बाहुला रामदास पाध्ये यांचा. १९९३ च्या 'झपाटलेला'मध्ये तात्या विंचू हा गुंड सुरुवातीला माणूस म्हणून दिसतो तो प्रभावळकरांच्याच रूपात. मरताना त्याचा आत्मा बाहुल्यात शिरतो आणि मग उरलेला सिनेमाभर ते पडद्यावर नाहीतच. त्यांची भूमिका म्हणजे फक्त आवाज.

पोरांची झोप उडाली ती या आवाजाने. लाकडी तोंड उघडतं आणि मिटतं, डोळे फिरतात, यापलीकडे त्या बाहुल्याला काय येतं? पण आतून येणारा तो घोगरा, चिडका, मधूनच लाडात येणारा आवाज ऐकला की बाहुला हसतोय असा भास होतो. आमच्या घरी जत्रेतून आणलेली एक बाहुली होती. 'झपाटलेला' पाहिल्यावर धाकट्या भावाने ती कपाटात कोंडली आणि कपाटाला खुर्ची लावून ठेवली. आई सकाळी साडी काढायला गेली तेव्हा भानगड उघडकीला आली.

महेश कोठारे यांनी २०१३ मध्ये दुसरा भाग थ्रीडीत आणला. पहिल्याची सर नाही, असं माझं मत. लक्ष्मीकांत बेर्डे नसताना तात्याने घाबरवायचं तरी कुणाला?

'श्रीयुत गंगाधर टिपरे' करताना ते खरंच म्हातारे होते का?

नव्हते. अल्फा टीव्ही मराठीवर मालिका सुरू झाली २००१ मध्ये, तेव्हा त्यांचं वय सत्तावन्नच्या आसपास. आबा त्याहून बरेच मोठे. सुनेची भूमिका करणाऱ्या शुभांगी गोखले आणि मुलाची करणारे राजन भिसे यांच्याशी त्यांचं नातं मात्र इतकं सहज होतं की वयाचा हिशेब कुणी केला नाही. शिऱ्या आणि शलाका ही नातवंडं, मध्यमवर्गी घर, आणि दिवसभर जे घडलं ते डायरीत लिहिणारे आबा. दिग्दर्शक केदार शिंदे.

मालिकेचं मूळ त्यांच्याच 'अनुदिनी' या सदरात आहे, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. लेखक तेच, आबाही तेच.

लोक विचारतात, यात एवढं काय होतं? काहीच नव्हतं. कुणी कुणाला विष दिलं नाही, कुणाचा पुनर्जन्म झाला नाही. फोनचं बिल जास्त आलं, शिऱ्याने काहीतरी घोळ घातला, कुणीतरी पाहुणा राहायला आला आणि हलेना, असले विषय. आबा यात सल्ला देणारे आदर्श आजोबा नव्हते. तेही चुकायचे, रुसायचे, खाण्यावरून लबाडी करायचे. लोकप्रियता ऐन भरात असताना २००५ मध्ये मालिका थांबली. आज पाचशे भागांनंतरही न थांबणाऱ्या मालिका पाहिल्या की त्या निर्णयाचं मोल कळतं.

गांधीजींची भूमिका त्यांना कशी काय शोभली?

'लगे रहो मुन्नाभाई' १ सप्टेंबर २००६ ला प्रदर्शित झाला. त्याआधी पडद्यावरचे गांधी म्हणजे इतिहासातले गांधी. इथे गांधीजी मुन्नाच्या मनातले आहेत. फक्त त्यालाच दिसतात, त्याला जेवढं माहीत आहे तेवढंच त्यांना माहीत. म्हणजे नटाला महात्मा उभा करायचा नव्हता, एका टपोरीला हवाहवासा वाटेल असा म्हातारा मित्र उभा करायचा होता. नुसती हुबेहूब नक्कल केली असती तर सिनेमा तिथेच आपटला असता. प्रभावळकरांच्या गांधींच्या डोळ्यांत एक मिश्किली आहे. भाषण देत नाहीत, हळू आवाजात सुचवतात आणि गप्प बसून वाट पाहतात.

या कामासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट सहायक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. देशभरच्या लोकांना ते माहीत झाले तेव्हा ते बासष्ट वर्षांचे होते आणि मराठी माणसाला त्यांना ओळखून तीस वर्षं होत आली होती.

त्यांनी फक्त चांगली माणसंच केली का?

तात्या विंचू विसरलात? तो सोडला तरी दूरदर्शनवरच्या 'साळसूद'मध्ये ते खलनायक होते. २००२ च्या 'एन्काउंटर: द किलिंग'मध्ये नसीरुद्दीन शाहांसमोर गुन्हेगारी जगातला माणूस केला. 'सरकार राज'मधले रावसाहेब हा त्यातला सगळ्यात पोचलेला नमुना. गोड बोलणारी, खादीतली, आदराने पाया पडावं अशी मूर्ती. आबा टिपऱ्यांवरचं आपलं प्रेम तिथे आपल्याच विरुद्ध वापरलं जातं.

हिंदीत जास्त कामं का केली नाहीत?

हिंदीत त्यांच्या वाट्याला साधारण काका, आजोबा, शेजारी येणार होते. मराठीत त्यांना 'देऊळ'मधले अण्णा मिळत होते, गावात देवाच्या नावाने चाललेला बाजार हताशपणे पाहणारे. 'पोश्टर बॉईज'मध्ये नसबंदीच्या पोस्टरवर फोटो छापून आल्याने अब्रू गेलेल्या तिघांतला एक मिळत होता. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं.

ते लेखक म्हणूनही मोठे आहेत का?

लहान मुलांना विचारा. 'बोक्या सातबंडे' वाचून वाढलेली एक अख्खी पिढी आहे. २००९ मध्ये त्यावर चित्रपटही आला. मोठ्यांसाठी 'गुगली', 'हसगत', 'कागदी बाण' असं विनोदी लेखन, आणि स्वतःच्या भूमिकांविषयी 'एका खेळियाने'. अभिनय शिकणाऱ्या मुलांनी हे शेवटचं जरूर वाचावं.

माझं एक मत आहे, पटलं तर बघा. ते आधी लेखक आहेत आणि नंतर नट. लेखक माणसांच्या लकबी टिपत फिरतो: कोण चष्मा कसा पुसतो, कोण वाक्य अर्धवट सोडतो, कोण उत्तर देण्याआधी खाकरतो. बहुतेक नट हे टिपण दुसऱ्याच्या संहितेतून उसनं घेतात. यांच्याकडे स्वतःची वही आहे. म्हणून त्यांचे म्हातारे एकमेकांसारखे होत नाहीत. आबा, नारोबा, अण्णा, हेरंबकर, बाबुली यांना ओळीने उभं करा. पाचही वयस्क, पण एकाचा सदरा दुसऱ्याला बसणार नाही.

नायक का झाले नाहीत?

रूढ अर्थाने झाले नाहीत, आणि बरं झालं. नायकाला वय लपवावं लागतं.

सत्तरीनंतर काय केलं? 'दशावतार' पाहण्यासारखा आहे का?

आहे. थेट थेटरात पाहण्यासारखा होता.

त्याआधी २०१३ चा 'नारबाची वाडी' बघा. मनोज मित्र यांच्या बंगाली नाटकावर बेतलेला, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित. कोकणातल्या म्हाताऱ्या नारोबाची वाडी खोताला हवी आहे. सौदा असा ठरतो की म्हातारा असेतो खोताने त्याला पैसे द्यायचे आणि तो गेल्यावर वाडी खोताची. मरायला टेकलेला नारोबा पैसे हातात पडायला लागताच टुणटुणीत होत जातो. खोताच्या भूमिकेत मनोज जोशी. झाडामाडांवर जीव असलेला कोकणी म्हातारा म्हणजे काय, हे कळायला कोकणात आजोळ असण्याची गरज नाही, पण असेल तर घशाशी येतं.

सुबोध खानोलकर दिग्दर्शित 'दशावतार' १२ सप्टेंबर २०२५ ला आला, तेव्हा प्रभावळकर एक्याऐंशी वर्षांचे होते. बाबुली मेस्त्री हा दशावतारी नट. दशावतार म्हणजे तळकोकणातला रात्रभर चालणारा खेळ. देवळाच्या आवारात मांड, पेटी-मृदंग-झांज, लिहिलेली संहिता नाही, पुरुषच स्त्रीपार्ट करणार, आणि तोंडाला रंग लागला की नटाला देव मानून माणसं नमस्कार करणार. दिवसा शेतात राबणारा माणूस रात्री राजा होतो. अशा नटाची भूमिका ज्याने चेटकिणीपासून गांधींपर्यंत रंग लावला त्याच्याकडे यावी, यापेक्षा चपखल निवड कुणाची होणार होती?

त्या सिनेमात बघण्यासारखी एक जागा सांगतो, गोष्ट फोडत नाही. बाबुली घरात असतो तेव्हा वाकलेला, हळू, जपून पाय टाकणारा. वेशात आला की तोच देह ताठ होतो. वय कुठे जातं कळत नाही. खांदे बघा. चेहऱ्याकडे लक्ष जाईल, पण खांदे बघा.

आणखी एक: याच चित्रपटात लक्ष्मीकांत बेर्डे यांचा मुलगा अभिनय बेर्डे आहे. बत्तीस वर्षांपूर्वी तात्या विंचू ज्याच्या बापाच्या मागे लागला होता, तो मुलगा.

आम्ही परदेशात राहतो. मुलांना मराठी समजतं पण बोलत नाहीत. कुठून सुरुवात करावी?

लंडन, न्यू जर्सी, सिंगापूर, सगळीकडून हा प्रश्न येतो. 'टिपरे'पासून करा. भाग छोटे, भाषा घरातली, कुणी कुणावर ओरडत नाही. मुलांना आबांचं वाक्य कळलं नाही तरी आबांचा चेहरा कळतो. मग 'झपाटलेला', पण दिवसा. 'बोक्या सातबंडे' झोपताना वाचून दाखवा. 'चौकट राजा' तेरा-चौदा वर्षांचं झाल्यावर, आणि तेव्हा शेजारी बसा. 'दशावतार'मधली मालवणी बोली पुण्या-मुंबईच्या मोठ्यांनाही अधूनमधून अडखळवते, तेव्हा उपशीर्षकं लावायला लाजू नका.

त्यांची जुनी नाटकं आता बघायला मिळतात का?

रंगमंचावर त्यांच्यासकट, नाही. 'हसवाफसवी'चं चित्रीकरण उपलब्ध आहे. चित्रीकरण अंगणातून बघितलेल्या खिडकीसारखं असतं, तरी बघा. 'पत्रापत्री' हे त्यांच्याच पुस्तकावरचं अभिवाचन त्यांनी विजय केंकरे यांच्यासोबत केलं. पत्रांतून होणाऱ्या गप्पा, बाकी काही नाही. त्याचा प्रयोग जवळपास कुठे लागल्याचं कळलं तर तिकीट काढा, आणि जमलं तर बाल्कनीचं.